आईचा निरोप बायकोला, बायकोचा आईला

ताई, नमस्कार.

मी ४५ वर्षांचा, नागपूरच्या महाल भागात राहतो. आमचा जुना वाडा होता. त्याचा अर्धा भाग पाडून वर दोन मजले चढवले, पण चूल अजून एकच आहे. घरात तेरा माणसं: आई (वय ७६), आत्या (तिने लग्न केलं नाही), मोठ्या वहिनी आणि त्यांची दोन मुलं, मी, बायको, आमची मुलगी आणि मुलगा, धाकटा भाऊ, त्याची बायको आणि त्यांची जुळी. दादा २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. घर पहिल्यापासून देवाधर्माचं. गुरुवारी गजानन महाराजांची पोथी, वर्षातून एकदा सगळे मिळून शेगाव, गणपती, नवरात्रात नऊ दिवस अखंड दिवा. सगळ्यात मोठ्या म्हणजे महालक्ष्म्या, भाद्रपदातल्या गौरी. जेवणाच्या दिवशी सव्वाशे पान होतं, त्यात धाकट्याच्या दुकानाचे व्यापारी आणि माझ्या ऑफिसातला स्टाफही आला.

मला हे घर आवडतं, ते आधी सांगतो. संध्याकाळच्या आरतीला झांजेवरून पोरांची जी भांडणं होतात तीसुद्धा आवडतात. मध्ये मला डेंग्यू झाला तेव्हा सगळ्यांनी पाळ्या लावून माझं केलं, बायकोला शाळेतून एक दिवसाची रजा काढावी लागली नाही (ती शिक्षिका आहे). पण तिच्याशी निवांत बोलायचं म्हटलं तर अ‍ॅक्टिव्हा काढून फुटाळ्याला, तलावावर जावं लागतं.

अडचण अशी आहे. यंदा महालक्ष्म्यांतच बायकोची तारीख येते. गेल्या वर्षीही तसंच झालं होतं, तेव्हा आईच्या सांगण्यावरून तिने पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली. तिला अर्धशिशी आहे. डोकं बांधून, मध्ये मध्ये उलट्या करत तिने पुरण घातलं. यंदा गोळी घेणार नाही म्हणते. आई म्हणते, 'तीन दिवसांचा तर प्रश्न आहे, घेऊन टाकायला काय होते? मग महालक्ष्म्या आत कोण आणणार?' बाबा होते तोवर आई आणायची. मग आठेक वर्षं मोठ्या वहिनींनी आणल्या. दादा गेल्यापासून माझी बायको आणते. धाकटीचं लग्न जातीबाहेरचं, त्यामुळे आईचं अजून मन होत नाही. मोठ्या वहिनी आता स्वयंपाकघर सांभाळतात, त्यांची काही तक्रार नाही. गेल्या वर्षी तर गंमतच झाली. उंबऱ्यावर बायको म्हणायचे शब्द विसरली, तर आत करंज्या तळता तळता वहिनींनी तिथूनच सांगितले.

मी दोघींना समजावून थकलो. आईचं बायकोला सांगतो, बायकोचं आईला. दोघी माझ्यावरच चिडतात. त्यात मुलगी पंधरा वर्षांची. मागच्या वेळी तिला बाजूला बस म्हटलं तर गच्चीवर गेली आणि आरतीलाही खाली आली नाही. मीच तिचं ताट वर नेऊन दिलं. बायको आता चूल वेगळी करू म्हणते. मी आईला काय सांगू आणि बायकोला काय सांगू? आणि तुमचं उत्तर बायकोला दाखवू का?

– मधला भाऊ, महाल

*

भाऊ, नमस्कार.

आधी गोळीचं बोलते, कारण ते थांबण्यासारखं नाही.

पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांत बहुतेक वेळा नॉरएथिस्टेरॉन नावाचं हार्मोन असतं. तारखेच्या तीनेक दिवस आधीपासून ती घ्यायची, बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. पुष्कळ बायकांना काही होत नाही. काहींना मळमळतं, डोकं दुखतं, पोट फुगतं, जीव नकोसा होतो. पण ज्यांना अर्धशिशी आहे, बीपी आहे, कधी रक्ताची गुठळी होऊन गेली आहे किंवा लिव्हरचं दुखणं आहे, त्यांनी डॉक्टरला हे सगळं सांगितल्याशिवाय या गोळीला हात लावू नये. डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे वाकड्यातिकड्या रेषा चमकतात का, हेसुद्धा डॉक्टरला आवर्जून सांगायचं असतं. ही गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीवर घ्यायची आहे. शेजारणीला चालली म्हणून आपल्याला चालेल असं नसतं. भाद्रपदात आणि नवरात्रात या गोळ्या किती खपतात ते तुमच्या चौकातल्या मेडिकलवाल्याला एकदा विचारून बघा. गेल्या वर्षी घरात ती कोणी आणली, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तुम्हीच आणली असेल असा माझा आपला अंदाज.

तुमच्या पत्नीने नाही म्हटलंय. तिचं डोकं, तिचं पोट, गेल्या वर्षीचा अनुभवही तिचाच. तेव्हा यंदा गोळी नाही, हे ठरलं असं धरून पुढचं वाचा. आईला सांगताना 'ती ऐकून नाही राहिली' असं सांगू नका. 'आई, मी नको म्हटलं' असं सांगा. एवढ्या एका वाक्याने तुमच्या घरातलं निम्मं भांडण जागा बदलेल. ते तुमच्याकडे येईल, आणि यायलाच पाहिजे.

कारण पत्र वाचताना मला एक गोष्ट खटकली. तुम्ही स्वतःला मधला म्हणता, आणि खरोखरच सगळ्याच बाबतीत मधे उभे आहात. आईचा निरोप बायकोला, बायकोचा आईला. दोघींचं ऐकता, दोघींना समजावता, दमता. पण तुमचं स्वतःचं म्हणणं काय आहे ते मला तीनदा वाचूनही सापडलं नाही. घर आवडतं म्हणता. मग त्या घराच्या महालक्ष्म्यांत तुम्ही नेमकं काय करता? मंडपवाल्याला फोन, पाहुण्यांची ने-आण, पंगतीत 'घ्या, घ्या' म्हणत तुपाची लोटी फिरवणं. सोहळ्यातला हौसेचा भाग सगळा पुरुषांकडे, आणि आठ-आठ, दहा-दहा किलो डाळीचं पुरण बायकांकडे. हे काही तुमच्या एकट्याच्या घरातलं चित्र नाही, महालापासून मानेवाड्यापर्यंत कुठेही जा. पण पत्र तुम्ही लिहिलंय, म्हणून ऐकावं तुम्हाला लागेल.

आता तुमच्या आईचा प्रश्न घेऊ. तो मला फार मोलाचा वाटला. 'महालक्ष्म्या आत कोण आणणार?'

मोजून बघा. आईचे यजमान गेले, म्हणून आई नाही. आत्याने लग्नच केलं नाही, म्हणून आत्या नाही. मोठ्या वहिनींचा नवरा गेला, म्हणून त्या नाहीत. तुमच्या पत्नीची तारीख येते, म्हणून ती नाही. धाकटी जातीबाहेरची, म्हणून ती नाही. भरल्या घरात पाच बाया आहेत आणि महालक्ष्मीला उंबऱ्यातून आत घ्यायला एकीचा हात चालत नाही! ज्या सणाला दोन बहिणी माहेरपणाला येतात असं आपण लेकरांना सांगतो, त्या सणाला ही अवस्था. महालक्ष्म्यांना हे कळलं तर त्या रस्त्यातूनच परत फिरतील, असं माझं आपलं मत. भाबडं म्हणा हवं तर.

या पाचांतल्या एकीबद्दल मला जास्त बोलायचंय. तिच्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही.

'त्यांची काही तक्रार नाही,' असं तुम्ही मोठ्या वहिनींबद्दल लिहिलंय. त्यांना कोणी विचारलं होतं का? आणि उंबऱ्यावरचा तो प्रसंग तुम्ही गंमत म्हणून लिहिलात. मला त्यात गंमत दिसली नाही, भाऊ. बाहेर हळदी-कुंकवाच्या पावलांवरून मुखवटे येऊन राहिले, घंटा वाजून राहिली, सगळं घर दारात जमलेलं, आणि एक बाई उकळत्या तेलाच्या कढईपाशी. दारात कोण काय विसरलं हे तिला आतून कळतं. म्हणजे करंजी उलटताना तिचे कान त्या उंबऱ्यावर होते. सुनेच्या हक्काने जे आठेक वर्षं तिने म्हटलं, ते शब्द तिच्या तोंडात अजून तयार आहेत. तिचा आवाज चालतो, हात चालत नाही. तिने तळलेल्या करंज्या फुलोऱ्याला महालक्ष्म्यांच्या डोक्यावर टांगल्या जातात. तिने शिजवलेल्या सोळा भाज्या नैवेद्याच्या पानात जातात. ओटी भरायच्या वेळी मात्र ती भांडी आवरायला आत जाते. तिला जा म्हणावं लागत नाही, ती आपणहून जाते, आणि सगळ्यांना हायसं वाटतं. दादा गेला त्याला वर्षं झाली, पण दर भाद्रपदात तिला ते नव्याने सांगितलं जातं.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवांबद्दलच्या या सगळ्या चालीरीती बंद केल्या. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. कोरोनात तरण्याताठ्या बायका एकट्या पडल्या, त्यातून तो विषय तिथे निघाला होता. आपल्याकडे महापालिका आहे, ग्रामपंचायत नाही, म्हणून आपण त्यातून सुटलो असं कोणी समजत असेल तर गोष्ट वेगळी.

तर माझं सुचवणं असं आहे. यंदा महालक्ष्म्या मोठ्या वहिनींनी आत आणाव्यात.

थांबा, लगेच जाऊन त्यांना सांगू नका. यात एक खोच आहे. बायकोची तारीख आली, घरात दुसरं कोणी उरलं नाही, म्हणून वहिनींना पुढे केलं, तर तो त्यांचा मान नाही, अपमान आहे. अडलं की बोलवायचं आणि पुढच्या वर्षी तारीख सरकली की पुन्हा कढईपाशी पाठवायचं, असं व्हायचं असेल तर हा विषय काढूच नका. द्यायचं तर ते कायमचं, त्या मोठ्या सून आहेत म्हणून. तुमच्या पत्नीची तारीख यंदा असो नसो.

आणि हे त्यांना तुम्ही विचारू नये. दिराने सगळ्यांसमोर विचारलं तर त्या 'नको हो, मला कशाला' म्हणतील आणि विषय तिथेच मरेल. तुमच्या पत्नीने विचारावं. जावा-जावांना एकमेकींचं आपल्याला वाटतं त्यापेक्षा पुष्कळ कळतं. अर्थात त्याआधी पत्नीला हे पटायला हवं. गेली काही वर्षं तो मान तिच्याकडे आहे, तो सोडायला तिचं मन आहे का, हे तिला विचारा. ते गृहीत धरू नका. तिला बाजूला सारून वहिनींना पुढे आणलं तर एक दुखणं काढून दुसरं लावल्यासारखं होईल. वहिनी 'नाही' म्हणाल्या तर त्यांचं 'नाही' ऐकायचं. कुणाला त्या उंबऱ्यावर उभं राहिलं की गेलेला माणूस आठवतो, ते चारचौघांत नको असतं. त्यांनी हळदीकुंकू लावून घ्यावं, हिरवी साडी नेसावी असा आग्रह कुणी धरायचा नाही. घरातल्या उत्साही पोरांनी व्हिडिओ काढून स्टेटसला लावायचा नाही. हे त्यांच्यासाठी आहे, तुमचं घर किती सुधारलेलं आहे ते दाखवायला नाही.

दुसरं, महालक्ष्म्या दोन आहेत. ज्येष्ठा आणि कनिष्ठा. मोठीला मोठ्या सुनेने आणावं, धाकटीला धाकट्या सुनेने. एवढं सरळ असताना तुमच्या घरात धाकटीच्या नावाची चर्चाच होत नाही, कारण तिचं माहेर दुसऱ्या जातीचं. तिच्या जुळ्यांना आरतीत झांज वाजवायला चालते. तिने लाटलेल्या पोळ्या सव्वाशे माणसं खातात. मग तिने मुखवटा हातात घेतला की काय बिघडतं, हे मला कोणी समजावून सांगावं. याबद्दल मी आणखी काही लिहीत नाही. लिहिलं तर चिडून लिहीन.

आता आई.

आई ७६ वर्षांच्या आहेत आणि घराचा सगळा कुळाचार त्यांच्या जिवावर टिकला आहे, हे विसरू नका. त्यांना हरवून काही करायचं नाही. त्यांच्याकडे जाताना हेरवाडचा ठराव घेऊन जाऊ नका. चौदाव्या शतकात संत सोयराबाईंनी देहाच्या विटाळावर केवढा सडेतोड प्रश्न विचारला होता, तेही ऐकवू नका. सोयराबाई बरोबर होत्या. पण पंचाहत्तरी ओलांडलेल्या आईला लेकाने संतांचे दाखले देऊन निरुत्तर करणं हा शहाणपणा नव्हे. आई निरुत्तर होतील, राजी होणार नाहीत.

त्यापेक्षा त्यांना एक गोष्ट विचारा. बाबा गेले त्या वर्षी महालक्ष्म्यांना तुला कसं वाटलं?

तुमच्या पत्रात हे एका ओळीत येऊन जातं: बाबा होते तोवर आई आणायची. म्हणजे आई या सगळ्यातून स्वतः गेल्या आहेत. सून म्हणून उंबरा ओलांडून महालक्ष्म्या आणल्या, पुढे किती वर्षं त्यांनीच आणल्या, आणि एका भाद्रपदात त्यांना बाजूला व्हावं लागलं. त्या दिवशी त्या कुठे उभ्या होत्या? कुणी त्यांना काही म्हटलं का? तुम्ही तेव्हा तिशी ओलांडलेले होतात, घरातच होतात. तुम्हाला आठवतं का? बहुधा नसेल. आईलाही आजवर हे कुणी विचारलं नसेल.

दुपारी त्या वाती वळत बसतात ना? बहुतेक घरांतल्या आज्या श्रावणात बसतात. तिथे कापूस घेऊन बसा, तुमच्या वाती वाकड्या होतील, होऊ द्या. मग विचारा, आणि गप्प बसा. लगेच 'म्हणूनच म्हणतो वहिनींना' असं करू नका. त्या काही सांगतील, कदाचित रडतील, कदाचित 'त्यात काय वाटायचं, रीतच होती' म्हणून उठून जातील. तरी एक दिवस जाऊ द्या. मग दुसऱ्या दिवशी वहिनींचं काढा, आणि 'तू सांग, काय करायचं' असं विचारा. घरातला बदल मोठ्या माणसाच्या तोंडून निघाला तर तो टिकतो. सुनेने मागून घेतला तर वर्षानुवर्षं टोमणे ऐकावे लागतात. 'आम्ही नाही का सोसलं?' असं त्या म्हणतीलच. त्यावर वाद घालू नका. 'सोसलं ना आई, म्हणूनच तुला विचारून राहिलो,' एवढं म्हणा.

तरीही त्या ठाम नाही म्हणाल्या, तर? तर मग तुम्ही आणा. पुरुषाने महालक्ष्म्या आणल्याची घरं मी पाहिली आहेत, घरात बाईमाणूस नसलं की आणतातच. तुमच्या आईच्या हिशेबाने सध्या तुमच्या घरात तशीच स्थिती आहे! हे त्यांना हसत हसत सांगता आलं तर सांगा. कोण जाणे, हसतीलही. किंवा त्यांनी स्वतः आणावं, कुठल्याही सुनेआधी तो हात त्यांचा होता. काहीही होवो, गोळी हा शेवटचा पर्याय म्हणून हातात ठेवू नका. घरातल्यांना तो आहे असं कळलं की सगळे तिथेच येऊन थांबतात.

आता कामाचं, झटपट.

यंदा पुरण तुम्ही दोघा भावांनी घाला. सोवळं नेसून. बायकांशिवाय नैवेद्य होत नाही असं कोणी म्हटलं तर विचारा, लग्नामुंजीत आचारी कोण असतो? डाळ शिजवायला आणि पुरणयंत्राचा दांडा फिरवायला ताकद लागते, ती तुमच्याकडे आहे. पहिल्या वर्षी पुरण सैल होईल. दादाचा मुलगा मोठा असेल, त्याला कॉटन मार्केटला पहाटे पाठवा. सोळा भाज्यांतल्या चार-पाच तिथे पावशेराने मिळतात का ते त्याला कळू दे.

आणि सव्वाशे पान कशासाठी? आईला आणि तुमच्या गुरुजींना विचारून कागदावर लिहा, कुळाचार किती आणि हौस किती. आवाहन, पूजा, सोळा भाज्या, आंबील, पुरणाचा नैवेद्य, सवाष्ण, संध्याकाळचं हळदीकुंकू, विसर्जन. या यादीत धाकट्याच्या दुकानाचे व्यापारी आणि तुमच्या ऑफिसातला स्टाफ कुठे बसतो, ते मला दिसलं नाही. त्यांना संध्याकाळी दर्शनाला बोलवा, प्रसाद द्या. हौस वाईट नसते. ज्याची हौस त्याने राबावं, एवढंच. पुरणपोळ्या बाहेरून करून घ्यायच्या असतील तर नागपुरात आता बचत गटाच्या बायका ऑर्डर घेतात. नैवेद्यापुरतं घरी करा, पंगतीचं बाहेरून आणा. आईला हे पचायला जड जाईल, म्हणून हे यंदा नको, पुढच्या वर्षी बोला. एकाच भाद्रपदात सगळं बदलायला निघालात तर काहीच बदलणार नाही.

हे सगळं मारबतीच्या आधी उरका. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणत मिरवणूक तुमच्याच भागातून जाते. तिथून महालक्ष्म्या साधारण आठवड्याभरावर येतात. त्या दिवसांत घरात गणपती, पाहुणे, बाजार. तेव्हा काढलेला विषय भांडणातच जातो.

मुलीचं. ताट वर नेऊन दिलंत हे चांगलं केलंत. पण तेव्हाही तुम्ही निरोप्याचंच काम केलंत, बघा. आजीने खालून बाजूला बस म्हटलं, तुम्ही वर जेवण पोचवलं. ताट देताना काही बोललात का? बोलला असतात तर पत्रात लिहिलं असतंत, असं वाटतं. पंधराव्या वर्षी पोरीला देवावर विश्वास असतो की नाही ते तिचं तिलाच कळत नसतं. पण बाबा कुणाच्या बाजूने उभा राहतो ते अचूक कळतं. तिला यंदा आधीच सांगा की ज्या दिवशी तुला आरतीला यावंसं वाटेल त्या दिवशी ये, माझ्याशेजारी उभी राहा, कुणी काही म्हटलं तर मी बोलतो. आणि खरंच बोला. तिला यावंसं वाटलं नाही तर तेही चालेल. आजीशी तिने हुज्जत घालावी, असं मात्र तिच्यावर सोपवू नका. हुज्जत तुम्ही घाला.

चुलीचं. चूल वेगळी करणं पाप नाही. एकाच वाड्यात तीन चुली आणि महालक्ष्म्या एकत्र, अशी घरं नागपुरात पुष्कळ आहेत, आणि चूल एक पण मनं सात, अशीही आहेत. पण तुमच्या पत्नीने हे कधी म्हटलं ते बघा. गेल्या वर्षी उलट्या करत पुरण घातल्यावर, आणि यंदा पुन्हा तेच ऐकल्यावर. तेव्हा तिला चूल वेगळी हवी आहे की कुणीतरी 'तुझं बरोबर आहे' म्हणायला हवं आहे, हे आधी कळू द्या. दिवाळी झाल्यावर शांतपणे विचारा. तेव्हाही ती हो म्हणाली, तर खर्च, जागा, आईचं जेवण कुणाकडे, आत्याचं कुणाकडे, हे सगळं भावासोबत बसून ठरवा. वहिनींचा वाटा आधी ठरवा. दादा असता तर जेवढा असता, तेवढाच.

आणि फुटाळ्याला जायला हरकत नाही, पण महिन्यातून एकदा गाडीवर मागे बसून हेल्मेटमधून ओरडत झालेलं बोलणं म्हणजे फक्त गाऱ्हाणं होतं, त्यातून निर्णय होत नाही. रात्री जेवणं झाली की अर्धा तास तुमच्या खोलीचं दार लावा. तेरा माणसांच्या घरात दार लावलं की लोक हसतात. हसू द्या.

उत्तर पत्नीला दाखवू का, असं विचारलंत. दाखवा. पण नुसता कागद हातात देऊ नका, तोही एक निरोपच होईल. आधी बायकांच्या डॉक्टरची वेळ घ्या, अर्धशिशीचे जुने कागद काढून ठेवा, दोघं जाऊन या. मग दाखवा. वहिनींबद्दलचा भाग तिला एकटीला वाचू द्या, त्या वेळी तुम्ही खोलीत थांबू नका.